पावसाळाभर उभी राहिलेली गाडी आणि दरवर्षी परत येणारी खडखड

जूनमध्ये झाकून ठेवलेली गाडी गणपतीच्या आठवड्यात बाहेर निघते. सोसायटीच्या गेटजवळच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर पुढून ‘टक’ होतं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की स्प्रिंगमधून ‘टण्ण’ येतं आणि साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं: शॉकअप गेले. पुढचे दोन्ही शॉकअप बदलले जातात, गाडी काही महिने शांत राहते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तोच आवाज त्याच जागेवरून परत येतो.

हे चक्र चालू राहण्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, उभ्या गाडीत आधी खराब होतात ते रबरी भाग, टायर आणि गंज धरणारे सांधे. शॉकअपचा नंबर बराच नंतर लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात: दुरुस्तीच्या वेळी रबरी बुशचे (सांध्यांतला धक्का झेलणाऱ्या रबरी नळकांड्यांचे) बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच आवळले जातात. असे आवळलेले बुश गाडी खाली उतरली की पिळलेले राहतात, आणि त्याच पिळलेल्या अवस्थेत गाडी पावसाळाभर दमट हवेत उभी राहते. मग नवे बुशसुद्धा वर्षभरात फाटतात.

पुढचं सगळं मुख्यतः स्विफ्ट, आय-ट्वेंटी, टियागो, पोलो अशा गाड्यांना धरून आहे, म्हणजे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा). पाटे आणि एअर सस्पेन्शनवाल्या गाड्यांबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

स्प्रिंग ‘बसत’ नाही

गाडी उभी राहिली की तिच्या वजनाने स्प्रिंग बसते, असं सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. गाडीची कॉइल स्प्रिंग कारखान्यातच पूर्ण दाबून काढलेली असते, म्हणजे जी काही उंची सुरुवातीला कमी व्हायची ती गाडीत बसण्याआधीच झालेली असते. रिकामी उभी गाडी त्या स्प्रिंगवर जेवढा भार टाकते, त्यापेक्षा पाच माणसं, सामान आणि खड्डे मिळून कितीतरी जास्त टाकतात. नुसत्या उभ्या वजनाने चार-सहा महिन्यांत डोळ्यांना दिसेल इतकी उंची कमी होत नाही.

तरीही गाडी एका बाजूला खाली वाटत असेल तर मोजून बघा. सपाट जमिनीवर, चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरून, चाकाच्या मध्यबिंदूपासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्या बाजूंत ५ ते १० मिलिमीटर फरक सहज असतो. त्याहून बराच जास्त असेल तर पहिला संशय तुटलेल्या स्प्रिंगवर घ्या. खालच्या वेटोळ्याचा शेवटचा तुकडा तुटून सीटमध्येच, म्हणजे स्प्रिंग ज्या वाटीत टेकते तिथेच, अडकून राहतो, त्यामुळे वरवर बघून स्प्रिंग धडधाकट दिसते. टॉर्च घेऊन खालच्या टोकाचा शेवट कुठे आहे ते दोन्ही बाजूंना ताडून बघा.

स्प्रिंग तुटते ती गंजामुळे, आणि पार्किंगचा खरा संबंध इथे आहे. स्प्रिंगच्या खालच्या सीटमध्ये चिखल, वाळू, पानं साचतात. कोकणात घराच्या अंगणात आंब्या-फणसाखाली उभ्या गाडीत तर हा ओला लगदा महिनोन्‌महिने वाळतच नाही. स्प्रिंगवरच्या कोटिंगचा एखाद्या खड्याने टवका उडाला असेल तर त्या जागी गंजाचा बारीक खळगा पडतो. स्प्रिंगचा पृष्ठभाग कारखान्यात बारीक छऱ्यांचा मारा करून मुद्दाम घट्ट केलेला असतो, म्हणजे तडा लवकर जाऊ नये. खळगा त्या थराच्या आत गेला की तडा तिथूनच सुरू होतो. स्प्रिंग तुटते मात्र उभी असताना नव्हे. नंतर एखाद्या खड्ड्यात, आणि दोष त्या खड्ड्याला दिला जातो.

‘बसलेल्या’ स्प्रिंगवर इलाज म्हणून वेटोळ्यांमध्ये रबराचे किंवा प्लॅस्टिकचे बफर घालून दिले जातात. ते घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. बफरने काही वेटोळी निकामी होतात, बाकीच्या वेटोळ्यांवर जास्त ताण येतो, आणि बफरखाली पाणी अडकून कोटिंग निघतं. स्प्रिंग खराब असेल तर त्या ॲक्सलच्या दोन्ही स्प्रिंगा बदला. चांगली असेल तर तिला हात लावू नका.

गाडी हलवण्याआधी

महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी थेट सुरू करून रस्त्यावर नेण्यात सर्वांत मोठा धोका शॉकअपच्या सीलला, म्हणजे आतलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्याला असतो. शॉकअपमध्ये आत-बाहेर होणाऱ्या रॉडवर चकचकीत क्रोमचा थर असतो. सीलच्या वर जो रॉड उघडा राहतो, त्यावर दमट खारी हवा बसते. गाडी पहिल्या खड्ड्यात दाबली गेली की तोच उघडा भाग सीलमधून आत जातो. त्यावर बारीक गंज किंवा वाळलेला चिखल असेल तर सीलची धार खरवडली जाते. तेल लगेच गळत नाही. दोन-चार आठवड्यांनी गळायला लागतं. म्हणून ‘गाडी काढली तेव्हा शॉकअप ठीक होते’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं.

रॉड रबरी कव्हरच्या आत असतो. बऱ्याच गाड्यांत हे कव्हर खालच्या टोकाकडून हाताने वर सरकवता येतं. पुढच्या चाकाची कमान मोकळी मिळावी म्हणून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून घ्या. टॉर्चने रॉड बघा. नुसता डाग किंवा धूळ असेल तर मऊ सुती कापडाला शॉकअपचं किंवा हायड्रॉलिक तेल अगदी थोडं लावून पुसून घ्या. पॉलिश पेपर चालवू नका. क्रोम गेलं की तो रॉड संपला. नख फिरवून खळगा जाणवत असेल तर तो शॉकअप आज ना उद्या गळणारच, तेव्हा लांबच्या प्रवासाआधी बदललेला बरा. कव्हरच फाटलेलं असेल तर ते आणि त्याच्या आतला बंप स्टॉप दोन्ही बघा. बंप स्टॉप फोमचा असतो आणि उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षांनी त्याचा भुगा होतो. तो नसला की खड्ड्यात शॉकअप आतून आपटतो आणि व्हॉल्व्ह मोडतो.

रॉड पुसून झाला की गाडीचा प्रत्येक कोपरा हाताने हळूहळू पाच-सहा वेळा दाबा. सील तेलाने ओलं होतं आणि रॉडला चिकटून बसलेला सीलचा ओठ अलगद सुटतो.

टायरची हवा तपासा. एका महिन्यात एक-दोन पीएसआय उतरणं सामान्य आहे, पण चार-पाच महिन्यांत जुन्या व्हॉल्व्हमुळे बरंच जास्त उतरतं. कमी हवेत उभं राहिलेलं टायर आधी दारावरच्या स्टिकरइतकं भरा, मगच गाडी हलवा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षांपुढचं टायर बाजूने भेगाळलं असेल तर त्यावर महामार्गाला लागू नये.

हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागच्या ड्रमला ब्रेक शू चिकटलेले असू शकतात. जोर लावून गाडी खेचू नका. हँडब्रेक सोडा, पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये हलकेच पुढे-मागे डोलवा. सुटले नाही तर ड्रमवर रबरी हातोडीने टोले द्या. शू सुटताना जो ‘ठप’ आवाज येतो, तो सस्पेन्शनचा नसतो.

मुंबई-पुण्यात तळघरातल्या पझल पार्किंगच्या (गाड्या यंत्राने वर-खाली सरकवणाऱ्या पार्किंगच्या) खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढलेलं असेल तर वरच्या तपासणीवर भागवू नका: व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोळ्याचा सांधा), मागचे ड्रम उघडून बघावे लागतील.

पहिले तीस किलोमीटर: काय आपोआप जातं

इथे घाईने पैसे खर्च होतात. काही लक्षणं थोडं चालवल्यावर स्वतःच नाहीशी होतात.

ब्रेक डिस्कवरच्या गंजाची खरखर आठ-दहा ब्रेकमध्ये जाते. शॉकअपमधला ‘फस्स’ आवाज आणि पहिल्या काही स्पीडब्रेकरवरचा ढिलेपणा दोन-तीन किलोमीटरमध्ये जायला हवा. आतल्या तेलात मिसळलेली हवा बाजूला झाली की शॉकअप पुन्हा धरतो. त्यानंतरही गाडी उसळत राहिली तर मात्र शॉकअप कमजोर आहे.

स्टिअरिंगची थरथर बहुतेक वेळा टायरची असते. एकाच जागी दबून राहिलेला टायरचा भाग सपाट होतो. आतलं नायलॉन गरम झालं की तो पुन्हा गोल होतो, म्हणून हवा बरोबर भरून साठ-सत्तरच्या वेगाने वीस-तीस किलोमीटर चालवा. थरथर कमी होत गेली तर काही करू नका. तशीच राहिली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून बघा. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष टायरमध्येच आहे, सस्पेन्शनवर एक रुपयाही घालवू नका. सपाटपणा कायमचा झालेला टायर बॅलन्सिंगच्या वजनांनी नीट होत नाही. तो बदलावाच लागतो.

वेग वाढेल तशी वाढणारी, वळणावर कमी-जास्त होणारी घरघर मात्र व्हील बेअरिंगची असते आणि ती आपोआप जात नाही.

आवाज कुठून येतो ते शोधणं

तीस किलोमीटरनंतर उरलेला आवाज खरा. तो शोधताना एका वेळी एकच परिस्थिती बदलायची. रिकामा रस्ता, खिडक्या खाली, रेडिओ बंद, डिकीतला जॅक आणि स्टेपनी घट्ट बांधलेले. हे शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण मागून येणाऱ्या खडखडीत सैल जॅक नेहमी सापडतो.

आधी दोन्ही पुढची चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढवा. मग एकच चाक खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरच्या टोकावरून न्या. दोन्ही एकदम चढताना शांत आणि एकच चढताना ‘टक-टक’ असेल तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारचे बुश. हा बार म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा, वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा; लिंक रॉड त्याची टोकं चाकांकडे जोडतात. कारण सोपं आहे: दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर बार पिळला जात नाही, एक गेलं तरच पिळतो. खात्री करायची असेल तर दोन्ही लिंक रॉड काढून, गल्लीतल्या गल्लीत अगदी हळू चालवून बघा. आवाज गेला तर लिंकच. या अवस्थेत वळणावर गाडी जास्त झुकते, त्यामुळे हमरस्त्यावर नेऊ नका. लिंक रॉड हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि उभ्या गाडीत त्याच्या टोकाचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून आत पाणी गेल्याने तोच आधी जातो. शॉकअप बदलताना बहुतेक छोट्या गाड्यांत लिंक सोडवून परत जोडावी लागते, म्हणून कित्येकदा ‘शॉकअप बदलल्यावर आवाज गेला’ असं वाटतं. गेलेला असतो तो घट्ट आवळलेल्या लिंकचा.

दुसरी चाचणी ब्रेकची. दहाच्या वेगाने पुढे जाताना ब्रेक मारा, मग रिव्हर्समध्ये तसाच मारा. प्रत्येक वेळी एकदाच ‘ठक’ झालं तर लोअर आर्मचे (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या आडव्या हाताचे) बुश बघा, विशेषतः मागचा. चाक पुढे-मागे ढकललं जातं तो धक्का तो बुश झेलतो. गाडी लिफ्टवर घेऊन सळईने आर्म हलवा. रबर थोडं लवणं बरोबर आहे; रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेलं दिसलं, किंवा भेग आरपार गेली असेल, तर बुश गेला. वरवरच्या बारीक भेगा म्हणजे बुश गेला असं नाही. त्या बघून लगेच बदलायला सांगणाऱ्याला सळई लावून दाखवायला सांगा.

तिसरी चाचणी स्टिअरिंगची. गाडी जमिनीवर, इंजिन सुरू, एकाने स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पुढच्या स्प्रिंगवर तळहात नुसता टेकवायचा, बोटं वेटोळ्यांत घालायची नाहीत. स्प्रिंग स्ट्रटबरोबर एकसंध फिरली पाहिजे. थोडी पिळून मग झटक्याने सुटत असेल आणि तेव्हाच ‘टण्ण’ येत असेल, तर वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग गंजून अडकलं आहे. बॉनेटखाली स्ट्रट टॉवरवरची रबरी टोपी निघालेली असली की पावसाचं पाणी थेट त्याच्यावर पडतं. किमतीने किरकोळ असलेली ती टोपी हरवली म्हणून माउंटिंग, बेअरिंग आणि मजुरी असा मोठा खर्च होतो.

कुरकुर आणि करकर यांसाठी सर्वांत चांगलं हत्यार पाण्याची बाटली आहे. एकजण गाडीचा कोपरा वर-खाली दाबेल आणि दुसरा एकेका बुशवर पाणी मारेल. ज्यावर पाणी पडताच कुरकुर थांबते, तो बुश. दोन बुशवर एकदम पाणी मारलं तर चाचणी वाया गेली. इथे तेल किंवा डब्ल्यूडी-४० वापरू नका. आवाज थांबतो, पण रबर फुगतं. स्टॅबिलायझर बारच्या बुशला सिलिकॉन ग्रीस चालतं. लोअर आर्मच्या बुशला कुठलंच ग्रीस लागत नाही, कारण तिथे रबर घसरत नाही, नुसतं पिळलं जातं.

या सगळ्यातून काही सापडलं नाही तरच शॉकअपकडे या. कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदा थोडी खाली जाऊन थांबायला हवी. दोन-तीनदा हेलकावे खात असेल तर शॉकअप कमजोर आहे. पण ही चाचणी फक्त पार संपलेला शॉकअप पकडते, अर्धवट गेलेला नाही. सीलभोवती तेलाचा हलका ओलसरपणा चालतो. तेल खालपर्यंत ओघळलं असेल आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर झाला असेल, तर त्या ॲक्सलचे दोन्ही शॉकअप बदला.

आवाज परत का येतो: हवेत आवळलेले बोल्ट

लोअर आर्मच्या बुशची रचना अशी असते: बाहेर लोखंडी कवच, आत लोखंडी नळी, आणि दोन्हींच्या मध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चॅसीला घट्ट धरली जाते. चाक वर-खाली होतं तेव्हा फक्त रबर पिळतं. म्हणून गाडी चाकांवर उभी असताना रबरात पीळ शून्य असला पाहिजे.

लिफ्टवर चाक खाली लोंबकळतं. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर शून्य पीळ लोंबकळलेल्या स्थितीत ठरतो. गाडी खाली उतरवली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. चालत्या गाडीत त्याला निदान हालचाल मिळते. उभ्या गाडीत ते चोवीस तास त्याच ताणात, पावसाळी उकाड्यात राहतं. रबर त्या आकारात बसून जातं आणि काठावर फाटायला लागतं. मागच्या टॉर्शन बीमच्या दोन बुशनाही अगदी हाच नियम.

दुरुस्तीला गाडी दिली तर हा क्रम गॅरेजला सांगा आणि शक्य असेल तर समोर उभे राहून करून घ्या:

१. गाडी उचलण्याआधी चारही चाकांचं मध्य ते फेंडर अंतर मोजून लिहून ठेवा.
२. बुश किंवा आर्म बसवताना बोल्ट नुसते हाताने टेकवा, आवळू नका.
३. चाक लावून गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर स्वतःच्या चाकांवर उभी करा. ते जमत नसेल तर लोअर आर्मखाली जॅक लावून, लिहून ठेवलेलं अंतर परत येईपर्यंत आर्म वर उचला.
४. एकदा कोपरा दाबून सोडा, मग टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला बोल्ट आवळा. आतून पकड असलेले लॉक नट एकदा काढले की नवेच घाला.
५. शेवटी अलाइनमेंट.

गेल्या वर्षी बुश बदललेले असतील आणि पुन्हा कुरकुर सुरू झाली असेल, तर नवे घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. गाडी खड्ड्यावर, चाकांवर उभी ठेवून ते बोल्ट सैल करा. बुश पिळलेला असेल तर सैल होताना ‘कट’ आवाज करून सुटतो, कधी आर्म किंचित सरकलेला दिसतो. तिथेच परत टॉर्कने आवळा. रबर फाटलेलं नसेल तर बहुतेकदा एवढ्याने काम होतं. बोल्ट गंजला असेल तर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल फक्त बोल्टच्या आट्यांवर, कापूस लावून सोडा. रबरावर उडवू नका.

नवे शॉकअप लवकर गळण्यामागेही बसवण्याची चूक असते. वरचा नट आवळताना रॉड फिरू नये म्हणून तो पक्कडीने धरला जातो. पक्कडीच्या दातांचे ओरखडे क्रोमवर पडतात आणि तेच सील कापतात. रॉडच्या टोकाला ॲलन की किंवा पान्याची खाच असते, धरायचं तिथेच. दुसरी गोष्ट: नवा शॉकअप गाडीत घालण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण बाहेर काढायचा. गोदामात आडवा पडलेला असतो, आतली हवा यानेच वर जाते. आणि स्ट्रट उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच. दोरी, साखळी, अंदाज यांवर हे काम घरी कुणीही करू नये. सुटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

जुन्या तेलाचा फवारा

पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल किंवा जळकं इंजिन ऑइल मारून घेण्याची पद्धत ट्रक-जीपच्या काळापासून चालत आली आहे. लोखंडी पाट्यांवर ते थोडंफार उपयोगी होतं. आजच्या गाडीखाली मात्र वीसेक रबरी भाग असतात: बुश, बॉल जॉइंटची बुटं, रॅक बूट (स्टिअरिंगच्या दांड्यावरचं रबरी आवरण), लिंकची बुटं. बुशमध्ये बहुधा नैसर्गिक रबर असतं आणि डिझेल-ऑइलने ते फुगून मऊ पडतं. वर त्या चिकट थरावर धूळ बसून ओल धरली जाते. त्याऐवजी मेणाचं अंडरकोटिंग फक्त लोखंडावर करून घ्या, रबर आणि ब्रेक झाकून, आणि पाणी निचरण्याची भोकं मोकळी ठेवून.

बोलेरो किंवा जुन्या ओम्नीच्या मागच्या पाट्यांची गोष्ट थोडी वेगळी. पावसाळ्यात उभ्या गाडीत पाट्यांच्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे पानांमध्ये, गंज भरतो, पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, गाडी दगडासारखी कडक चालते आणि करकरते. पाटे मोकळे करून तारेच्या ब्रशने घासून ग्रेफाइट ग्रीस लावणं हा टिकाऊ उपाय. पानांच्या टोकांना प्लॅस्टिकच्या चकत्या असतील तर तिथे तेल-ग्रीस नको.

एअर सस्पेन्शनच्या महागड्या गाड्या उभ्या राहून खाली बसतात, कारण हवा हळूहळू निसटते. रबरी पिशवी घडी पडलेल्या जागी भेगाळते. बसलेली गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत उंची आली नाही तर इंजिन बंद करा. गळक्या पिशवीत हवा भरत बसलेला कॉम्प्रेसर जळतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

पुढच्या जूनआधी

शेवटच्या फेरीनंतर गाडीखाली पाण्याचा पाइप मारून स्प्रिंगच्या सीट आणि चाकाच्या कमानी धुवा, मग दहा-बारा किलोमीटर चालवून वाळवा. धुऊन लगेच झाकलेली गाडी न धुतलेल्या गाडीपेक्षा वाईट गंजते. कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे प्लॅस्टिकचा ताडपत्रीसारखा कव्हर गाडीला थेट चिकटवून बांधला की आतली ओल बाहेरच पडत नाही. वर पत्रा आणि बाजूंनी वारा असलेली जागा बंद कव्हरपेक्षा चांगली. खाली माती-गवत नको. फरशी किंवा काँक्रीट हवं.

जागा सपाट हवी. एकच चाक फुटपाथवर आणि बाकीची रस्त्यावर अशी गाडी चार महिने ठेवली तर स्टॅबिलायझर बार आणि त्याचे बुश तेवढा काळ पिळलेले राहतात. हँडब्रेक नको, पहिला गिअर आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. टायरमध्ये स्टिकरपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरा, टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून. बाहेर काढताना ती जादा हवा परत उतरवा.

गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवायचा सल्ला विचार करूनच ऐका. सिलच्या (दाराखालच्या बॉडीच्या कडेच्या) खाली जॅक स्टँड लावून चाकं लोंबकळत ठेवली तर सगळे बुश उलट्या दिशेने पिळतात आणि शॉकअपचा रॉड पूर्ण बाहेर येऊन गंजायला मोकळा होतो. टायर वाचतात, सस्पेन्शन बिघडतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी हलणारच नसेल, मालक जहाजावर किंवा परदेशात असेल, तरच स्टँड लावा, आणि तेही पुढे लोअर आर्मच्या बॉल जॉइंटजवळ व मागे टॉर्शन बीमच्या टोकांखाली, मॅन्युअल परवानगी देत असेल तर, म्हणजे स्प्रिंगवर वजन राहील. नाहीतर चाकांवरच उभी ठेवलेली बरी.

शेजारी किंवा भाऊ किल्ली सांभाळणार असेल तर त्याला ‘अधूनमधून गाडी सुरू कर’ एवढंच सांगू नका. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालवून सस्पेन्शनला काहीच मिळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा पंधरा-वीस किलोमीटर, त्यात पाच-सहा स्पीडब्रेकर हळू पार करून, गाडी कोरडी करून परत लावायला सांगा. तेवढं जमणार नसेल तर आठवड्याला गाडी एक-दीड फूट पुढे किंवा मागे सरकवायला सांगा. टायरची दबलेली जागा बदलते. आणि गाडी बाहेर काढायची ती गणपतीला निघायच्या आदल्या रात्री नको, किमान आठ दिवस आधी. बुश किंवा माउंटिंग मागवून यायला दोन-चार दिवस लागतातच, आणि नंतर बसवलेल्या भागांवर महामार्ग क्रमांक ६६ ला लागण्याआधी पन्नास-शंभर किलोमीटर गावातच चालवून, व्हील नट आणि स्ट्रटचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कने तपासून घ्यायला वेळ हवा.